‘गुरखा’ आणि तिसरा आयडल

२००७ च्या पावसाळ्यात मी कोलकात्यात तौलनिक साहित्याच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वसतिगृहाच्या तळमजल्यावर एकच टीव्ही. एरवी त्याच्यासमोर जागा मिळायला अडचण नसे, पण त्या दोन-तीन महिन्यांत आठवड्याच्या अखेरीला तिथे उभं राहायलाही जागा नसायची. सोनीवर ‘इंडियन आयडल’चं तिसरं पर्व चालू होतं. कुर्सियांगहून आलेली माझी एक वर्गमैत्रीण कार्यक्रम संपला की सगळ्यांचे मोबाईल गोळा करायची आणि प्रशांत तमांगच्या नावाने एसएमएस करत बसायची. एकेका फोनवरून वीस-वीस, तीस-तीस. मी माझा फोन दिला नाही. अमित पॉल जास्त चांगला गातो, असं मी तिला सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, ‘हो, गातो तो छान. मग?’

तिच्या त्या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मला तो प्रश्न वाटलाच नव्हता. कलेच्या स्पर्धेत कला बघायची असते, यापलीकडे विचार करण्यासारखं काही आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वर्गात आम्ही दिवसभर पाठ, संदर्भ, सत्ता असे शब्द वापरायचो. पण खाली येऊन टीव्हीसमोर बसलं की माझा कान एकदम निरागस होऊन जायचा.

ज्यांना ते पर्व आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘पॉप आयडल’ हा साचा २००१ साली ब्रिटनमध्ये तयार झाला आणि तिथून जगभर गेला. आपल्याकडे २००४ मध्ये तो आला. पहिला विजेता मुंबईचा अभिजीत सावंत, दुसरा बिकानेरचा संदीप आचार्य. तिसऱ्या पर्वाला जावेद अख्तर, अनु मलिक, अलिशा चिनॉय आणि उदित नारायण असे चार परीक्षक होते. पण शेवटच्या टप्प्यांत परीक्षकांच्या मताला शेरेबाजीपलीकडे किंमत नसते. निर्णय प्रेक्षकांचा. २३ सप्टेंबर २००७ रोजी दिल्लीत अंतिम सोहळा झाला, तेव्हा दोनच जण उरले होते. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांत कोलकाता पोलिसांत शिपाई होता. वडील गेल्यावर त्यांच्या जागी नोकरीला लागलेला आणि पोलिसांच्या ऑर्केस्ट्रात गाणारा. एकूण मतांचा ७ कोटींचा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आला होता. प्रशांत जिंकला, आणि तोही मोठ्या फरकाने.

दुसऱ्या दिवशी सुजाण लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. गायक हरला, एसएमएस जिंकला. ही तक्रार अगदीच खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. त्या पर्वातली काही गाणी मी अलीकडे पुन्हा ऐकली. अमितच्या आवाजाला मोकळा पल्ला आहे, वरच्या पट्टीत जाताना तो ताणत नाही, आणि गाण्यातला शब्द कुठे सोडायचा हे त्याला कळतं. प्रशांतचा आवाज गोड आणि प्रामाणिक, पण मध्यम सप्तकातच त्याला सुख वाटतं. अवघड जागा आली की तो ती जपून ओलांडतो. रात्री जेवणं झाल्यावर मित्रांच्या घोळक्यात कुणी गिटारवर गावं, तसं त्याचं गाणं. निव्वळ गाण्याचा निवाडा करायचा तर मी अजूनही अमितच्याच बाजूने आहे.

पण ‘मग?’ शिल्लक राहतोच.

त्याचा माग काढताना पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की अंतिम फेरीतले दोघेही आपापल्या गावात कुणाच्या तरी दृष्टीने उपरे होते. दार्जिलिंगच्या नेपाळीभाषकाला बंगालच्या मैदानात ‘तू मूळचा नेपाळचाच ना’ हे सतत ऐकावं लागतं, मग त्याच्या तीन-चार पिढ्या चहाच्या मळ्यात खपलेल्या का असेनात. १९८६ ते ८८ मध्ये वेगळ्या गोरखालँडसाठी तिथे जे आंदोलन झालं त्यात शेकडो माणसं मेली, ती याच एका प्रश्नापायी. आणि अमित पॉल हा शिलाँगचा बंगाली. खासी भाषेत बाहेरच्या माणसाला ‘डखार’ म्हणतात. १९७९ पासून पुढची काही वर्षं हा शब्द शिलाँगमध्ये भिंतींवर लिहिण्याचा आणि घरं पेटवण्याचा शब्द होता. आधी बंगाल्यांवर, मग १९८७ मध्ये नेपाळ्यांवर तिथे हल्ले झाले. कित्येक कुटुंबं शहर सोडून गेली. म्हणजे बंगालमध्ये ज्यांना उपरं मानलं जातं त्यांचा मुलगा एका बाजूला, आणि मेघालयात उपरा ठरलेला बंगाली मुलगा दुसऱ्या बाजूला. ही जोडी एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर आम्ही ती फार जुळवून आणलेली म्हणून नाकारली असती.

या दोघांभोवती उभी राहिलेली गर्दी मात्र एकसारखी नव्हती. शिलाँगमध्ये अमितसाठी खासी, गारो, बंगाली, नेपाळी सगळे एकत्र आले. एरवी संध्याकाळनंतर ज्या मोहल्ल्यांत एकमेकांची माणसं जायची नाहीत, तिथे सोबतीने मिरवणुका निघाल्या. मेघालय सरकारने त्याला शांतता आणि सलोख्याचा सदिच्छादूत म्हणून नेमलं. माध्यम-अभ्यासक अश्विन पुणतांबेकर यांनी या काळातल्या शिलाँगबद्दल लिहिलं आहे. टीव्हीवरचा एक कार्यक्रम आणि हातातला मोबाईल यांच्या आधाराने लोकांना एकमेकांशी बोलण्याची नवी, तात्पुरती का होईना, पण जागा कशी मिळाली, याचा तो विचार आहे. दार्जिलिंगचं चित्र वेगळं. तिथे एकाच समाजाने, पण देशभर विखुरलेल्या समाजाने, स्वतःला मोजून घेतलं. वर्गण्या निघाल्या, चाहता मंडळं निघाली, सिक्कीम, आसाम, देहरादून, पलटणींची गावं, जिथे जिथे नेपाळी बोलणारी माणसं होती तिथून मतं गेली. एका बाजूला वेगवेगळे लोक एका मुलाला ‘आपला’ म्हणत होते. दुसऱ्या बाजूला एक समाज एका मुलाकडे बोट दाखवून ‘आम्ही’ हा शब्द मोठ्याने उच्चारत होता. माझं मन आजही पहिल्या गोष्टीकडे ओढलं जातं. पण दुसरीची निकड जास्त होती, हे मला कबूल करावं लागतं. शिलाँगचा तो सलोखा पुढे किती टिकला, हा प्रश्न विचारू नये. २०१८ मध्ये त्याच शहरात खासी आणि पंजाबी वस्तीतला तणाव संचारबंदीपर्यंत गेला.

हे एकट्या तिसऱ्या पर्वापुरतं नाही. २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’मध्ये श्रीनगरचा काझी तौकीर, सुरांत कच्चा असूनही, रूपरेखा बॅनर्जीबरोबर विजेता ठरला. २००६ च्या सुरुवातीला ‘सा रे ग म प’ जिंकला तो सिलचरचा देबोजित साहा. बराक खोऱ्यातला हा बंगालीभाषक, आणि त्याच्यामागे अख्खा आसाम. भाषेवरून त्या खोऱ्यात १९६१ साली गोळीबार झालेला आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या पाठिंब्याचं मोल कळेल. तमांगनंतर २००९ मध्ये ‘इंडियन आयडल’ जिंकली ती त्रिपुराची सौरभी देबबर्मा. श्रीनगर, सिलचर, दार्जिलिंग, शिलाँग, आगरतळा. हवामानाच्या बातम्यांत सुद्धा ज्यांची नावं घाईने उरकली जातात, अशी ही ठिकाणं चार-पाच वर्षं देशाच्या सर्वांत गुळगुळीत, सर्वांत चकचकीत मंचावर ओळीने आली.

असं का झालं? माझ्या मते याचं मूळ मतदानाच्या नियमात आहे. निवडणुकीत एका माणसाला एक मत. पश्चिम बंगालच्या विधानसभेत २९४ जागा. त्यांतल्या दार्जिलिंगच्या डोंगरातल्या तीन. लोकसभेच्या ४२ जागांपैकी एक, आणि तीही मैदानाबरोबर वाटून घेतलेली. मेघालयाच्या लोकसभेच्या जागा दोन. संख्येच्या हिशेबात ही माणसं कायमच हरणार. एसएमएसच्या मतदानात मात्र एक माणूस हजार वेळा मत देऊ शकत होता. तिथे डोकी मोजली जात नव्हती, आच मोजली जात होती. दहा कोटी लोकांना एखादा गायक बरा वाटला आणि दहा लाख लोकांना तो जीव की प्राण वाटला, तर ते दहा लाख जिंकतील. वाहिनीने आणि मोबाईल कंपन्यांनी हा नियम पैशासाठी केला होता, यात शंका नाही. नेहमीपेक्षा महाग एसएमएस हाच तर त्यांचा धंदा. पण नियम कुणी कशासाठी केला आणि लोकांनी त्याचं काय केलं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोकसंख्येने जे कधीच मिळणार नव्हतं ते या माणसांनी रिचार्ज मारून मिळवलं. गरिबाच्या खिशातून गेलेला तो पैसा होता, हे आठवलं की या विजयाची गोडी कमी होते, आणि ती व्हायलाही हवी.

आता थोडं आपल्याकडे. मार्च २००५ मध्ये अभिजीत सावंत पहिला आयडल झाला, तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. मराठी मुलगा जिंकला, असं सगळे म्हणत होते. पण त्याला कुणी प्रादेशिक मतदान म्हटलं नाही, गाण्याचा पराभव तर नाहीच नाही. मुंबईचा मुलगा देशाचा म्हणून खपतो; दार्जिलिंगच्या मुलाला आधी तो देशाचा आहे हे सिद्ध करावं लागतं. कुणाची अस्मिता दिसते आणि कुणाची दिसत नाही, यातच सगळं आलं.

आणि या सगळ्याची भाषा हिंदी होती. मी अनुवादक असल्यामुळे माझं लक्ष तिकडे जाणं साहजिक आहे. ‘इंडियन’ आयडल व्हायचं तर हिंदी चित्रपटाचं गाणं, आणि त्यातले उर्दू शब्द, स्वच्छ म्हणता आले पाहिजेत. नेपाळी बोलताना ‘श’ आणि ‘स’ मधला फरक बहुतेक पुसला जातो. माझी मैत्रीण प्रशांतचं नावसुद्धा ‘प्रसान्त’ असंच म्हणायची. ‘ज़’ तर आपल्यासारखाच त्यांनाही शिकून आणावा लागतो. या स्पर्धांत उच्चारावरून होणारी परीक्षकांची टोकाटोकी ऐकताना मला नेहमी लता मंगेशकरांची गोष्ट आठवते. मराठी गाणाऱ्यांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, असं दिलीपकुमारांनी लोकलच्या प्रवासात म्हटलं आणि लताबाईंनी मौलवींकडून उर्दूचे धडे घेतले. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण हिंदी गाण्याच्या दारात आपली भाषा जोड्यांसारखी काढून ठेवावी लागते, याचीही ती गोष्ट आहे. आपण ती काढून आत गेलो त्याला आता पाऊणशे वर्षं झाली, म्हणून दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या पायांकडे आपण बघतो.

नेपाळी १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, कोकणी आणि मणिपुरीबरोबर, एकाच दुरुस्तीने. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या वाचकांना त्या वर्षाचं महत्त्व सांगायला नको. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद आपण जितक्या हिरिरीने घातला, तितक्याच हिरिरीने डोंगरात ‘आमची भाषा परदेशी नाही’ हे सांगितलं जात होतं. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, नेपाळीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार दार्जिलिंगच्या इंद्र बहादूर राय यांना मिळाला होता, आणि तोही समीक्षेच्या पुस्तकासाठी. त्यांची दार्जिलिंगवरची कादंबरी ‘आज रमिता छ’ १९६४ ची. मंजुश्री थापा यांच्या इंग्रजी अनुवादातून मी ती फार उशिरा वाचली. ‘रमिता’ला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवला आहे. बघण्यासारखं काहीतरी, गंमत, जत्रा. ‘तमाशा’ म्हणावं तर आपल्याकडे त्याला घुंगरांचा आवाज येतो आणि शिवाय उपहासाचाही. लोक ज्याला बघायला जमतात आणि बघता बघता स्वतःच ज्याचा भाग होतात, असं काहीतरी त्या शब्दात आहे. २००७ चा दार्जिलिंगचा सप्टेंबर मला त्याच शब्दात बसलेला दिसतो.

निकालानंतर दिल्लीतल्या एका एफएम वाहिनीवर निवेदकाने विनोद केला. गुरखे आता गायला लागले तर आपल्या घरांची आणि मॉलची राखण कोण करणार, अशा अर्थाचा. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत त्याच्या निषेधाचा मोर्चा निघाला, दगडफेक, जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतर दहा दिवसही उलटले नव्हते तेव्हा, ७ ऑक्टोबरला, बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. प्रशांतच्या प्रचारात ते पुढे होते. इतकी वर्षं डोंगरावर ज्यांचा शब्द चालायचा ते सुभाष घिसिंग या सगळ्यापासून लांब राहिले आणि पुढच्या वर्षी त्यांना डोंगर सोडावा लागला. गाण्याच्या स्पर्धेने एक पक्ष घडवला असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. असंतोष जुना होता. पण किती माणसं, किती ठिकाणी, एकाच रात्री एकच गोष्ट करू शकतात, हे त्या माणसांना स्पर्धेमुळे पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

निवेदकाचा तो विनोद आमच्या वसतिगृहात पोहोचला त्या संध्याकाळी माझी मैत्रीण टीव्हीच्या खोलीत आली नाही. मी तिच्या खोलीत गेले आणि तिला धीर द्यायला म्हणून त्या निवेदकाला चार शिव्या घातल्या. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, तुमच्या भाषेत आम्हाला काय म्हणतात? मी म्हटलं, गोरखा. पण ते खोटं होतं. गोर्खा हे त्यांचं नाव आहे, नेपाळमधल्या एका गावावरून आणि राज्यावरून आलेलं. आपण ‘गुरखा’ म्हणतो. इंग्रजांनी केलेल्या स्पेलिंगच्या वळणाने आपल्यापर्यंत आलेला तो शब्द दिसतो. आणि मराठीत गुरखा म्हणजे कुणी माणूस नव्हे, कुठला समाज नव्हे, ते एक काम आहे. रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा, पहिल्या तारखेला दारात पैसे न्यायला येणारा. त्याचं नाव विचारायची गरज नसते, कारण सगळ्यांचं नाव ‘बहादूर’ असतं. पुण्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या लहानपणापासून तीन वेगवेगळे बहादूर होऊन गेले. ज्या इंद्र बहादूर रायांची समीक्षा मी आता मान खाली घालून वाचते, त्यांच्या नावाचा मधला शब्द आम्ही फाटकापाशी हाक मारायला वापरत होतो.

म्हणजे दिल्लीच्या निवेदकाला जो विनोद करायला तोंड उघडावं लागलं, तो मराठीत शब्दाच्या आतच बसलेला आहे. तो न हसता, न ठरवता, रोज केला जातो.

हे मला तेव्हाच कळलं असतं तर बरं झालं असतं. एम. ए.नंतर पाच-सहा वर्षांनी मी एका हिंदी कथेचा अनुवाद केला. मूळ कथेत ‘चौकीदार’ होता. दोन ओळींपुरता येणारा, रात्री उशिरा आलेल्या नायकाला फाटक उघडून देणारा. मी लिहिलं, ‘गुरख्याने डोळे चोळत फाटक उघडलं.’ वाक्य मला आवडलं होतं. चौकीदारापेक्षा ते जास्त मराठी वाटत होतं, आणि जास्त मराठी वाटणं यालाच मी तेव्हा चांगला अनुवाद समजत होते. संपादकांनी हात लावला नाही, एकाही वाचकाने पत्र पाठवलं नाही. मूळ लेखकाने त्या माणसाला कुठलंही गाव, वंश, चेहरा दिला नव्हता. तो मी दिला, माझ्या भाषेने सवयीने दिला.

प्रशांत तमांग पुढे नेपाळी चित्रपटांत गेला. २०१० चा ‘गोर्खा पल्टन’ त्यांतला एक. त्यानंतर हिंदी प्रेक्षकांना तो ठळकपणे दिसला तो थेट २०२५ मध्ये, ‘पाताल लोक’च्या दुसऱ्या पर्वात, नागालँडच्या पार्श्वभूमीवरच्या कथेत मारेकऱ्याच्या भूमिकेत. काम त्याने उत्तम केलं आहे. पण कोट्यवधी मतांनी आवाज म्हणून निवडलेल्या माणसाला हिंदी पडद्याने सतरा-अठरा वर्षांनी परत बोलावलं ते चेहऱ्यासाठी. त्याच पर्वातला मेयांग चांग आठवतो? धनबादचा, चिनी वंशाचा, शिक्षणाने दंतवैद्य. तोही नंतर अभिनयात गेला, आणि तू भारतीय आहेस का हा प्रश्न त्यालाही चुकला नाही.

गेल्या वर्षी त्या जुन्या अनुवादाची नवी आवृत्ती निघायची होती. प्रकाशकांनी फक्त मुद्रणदोष तपासून द्यायला सांगितले होते. मी ‘गुरख्याने’ खोडून ‘रखवालदाराने’ लिहिलं. मग कुर्सियांगला फोन लावला. ती आता तिथल्या शाळेत शिकवते, वर्षातून एक-दोनदा आम्ही बोलतो. मी तिला सगळं सांगितलं, वाक्य आधी काय होतं आणि आता काय केलं ते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुझा फोन मात्र तू त्या वेळी दिला नव्हतास.’